आहार आणि कर्करोग : महाराष्ट्रातील संशोधनाचा मागोवा

आपल्या समाजात कोणास कर्करोग झाल्याची वार्ता आली, की भेटीस गेलेल्या मंडळींच्या तोंडी एक प्रश्न हमखास येतो. "घरात मांस-मद्याचा स्पर्श नाही, कंदमूळ नाही, सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीसुद्धा उकळलेले, मग यांना हा रोग कसा झाला?" विचारणाऱ्याच्या मनात सहानुभूतीच असते. परंतु अंथरुणावरील रुग्णास तो प्रश्न टोचतो. आपल्या हातून आचारात काही उणे पडले की काय, अशी शंका त्याच्या मनात घर करते. या प्रश्नाचे कर्मसिद्धांताच्या अंगाने जे उत्तर असेल, ते पूज्य साधू-साध्वीजींनी द्यावे. तो प्रस्तुत लेखकाचा अधिकार नाही. आहार व कर्करोग यांच्या संबंधाचा शोध आपल्या महाराष्ट्रात कोणी, केव्हा व कसा घेतला आणि त्यातून काय हाती आले, एवढेच येथे मांडावयाचे आहे. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आजाराचा विषय कशास, असे काहींना वाटेल. पण गेल्या पन्नास वर्षांत आपल्या घरांतील ताट जेवढे बदलले, तेवढे त्याआधीच्या कित्येक पिढ्यांत बदलले नसेल. तेव्हा हा विषय समाजाच्या इतिहासाचाच भाग मानण्यास हरकत नसावी.

या इतिहासाचा आरंभ परळला होतो. लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ कर्करोगावरील उपचाराची सोय भारतात व्हावी, ही सर दोराबजी टाटा यांची इच्छा होती. दोराबजी दुसऱ्याच वर्षी निवर्तले. पुढे त्यांच्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील पदवी घेऊन परतलेल्या या गृहस्थांचे वैशिष्ट्य असे, की सूक्ष्मदर्शकाखाली गाठीचा छेद पाहून ते थांबत नसत. हा मनुष्य कोठला, काय खातो, काय चघळतो, वस्त्र कसे नेसतो, याचीही विचारपूस ते करीत. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतील मुखकर्करोगाच्या लागोपाठ एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी एका निबंधात त्यांनी भारतीय चालीरीतींशी जोडलेले कर्करोगाचे तीन प्रकार वर्णिले : आंध्र किनाऱ्याकडे चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूचा, खैनी ओठाआड ठेवणाऱ्यांच्या ओठाचा आणि धोतराची गाठ वर्षानुवर्षे कमरेस काचल्याने तेथील कातडीचा. रोगाचे कारण माणसाच्या रोजच्या सवयीत दडलेले असू शकते, हा विचार आज सर्वमान्य आहे. त्या काळी तो नवा होता.

१९५२ साली परळलाच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले व खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. त्यांचे सहकारी डॉ. एल. डी. संघवी यांनी संख्याशास्त्राची जोड दिली. संघवी, राव व खानोलकर यांचा १९५५ मधील निबंध आजही उद्धृत होतो. तंबाखू चघळणाऱ्यांस तोंडाच्या पुढच्या भागाचा, तर विडी ओढणाऱ्यांस जिभेच्या मुळाशी व घशात कर्करोग अधिक आढळतो, असे त्यांनी आकड्यांनिशी दाखविले. मुंबईसारखे शहर या कामास जणू घडविलेलेच होते. एकाच हवेत, एकाच पाण्यावर गुजराती, दख्खनी, पारशी, ख्रिस्ती, मुसलमान राहात होते आणि प्रत्येकाची चूल वेगळी होती. पारशी समाजात धूम्रपान व तंबाखू चघळणे फार कमी. त्यांच्यात मुखकर्करोग कमी आढळे. स्तनाचा कर्करोग मात्र पारशी स्त्रियांत इतरांहून अधिक. म्हणजे एक आचार एका रोगापासून वाचवितो, म्हणून तो सर्वांपासून वाचवील असे नव्हे, ही गोष्ट पाऊणशे वर्षांपूर्वीच या शहराने दाखवून दिली होती.

आता आहाराकडे वळू. येथे संशयित म्हणून प्रथम पुढे आली ती आपली मिरची.

त्याचे असे झाले. १९५३ साली मुंबईचे कान-नाक-घसा शल्यचिकित्सक डॉ. एस. जी. जोशी यांनी एका विकाराचे वर्णन केले. त्याच्या आदल्याच वर्षी केनियातील भारतीय स्त्रियांत तो श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनीही टिपला होता. गालाच्या व टाळूच्या आतील मऊ अस्तर हळूहळू पांढरट, कडक, दोरीसारखे होत जाते. तोंड उघडेनासे होते. जिभेची हालचाल आखडते. अशा तोंडात पुढे कर्करोग उद्भवतो, हे टाटा रुग्णालयातील निरीक्षणांवरून १९५६ पर्यंत ध्यानात आले. कारण काय असावे? विकार भारतीयांतच दिसतो, भारतीय तिखट खातात, आणि रुग्णांची पहिली तक्रार तिखटाने तोंडाची आग होते हीच असते. तर्क सरळ होता. डॉ. सत्यवती शिरसाट व खानोलकर यांनी तो तपासून पाहिला. पोषक द्रव्यांत उणे ठेवलेला आहार देऊन अशक्त केलेल्या पांढऱ्या उंदरांच्या टाळूस त्यांनी मिरचीतील कॅप्सेसिन हे तिखट द्रव्य वारंवार लावले. त्या टाळूंत तशाच प्रकारचे बदल दिसले. १९६० मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. त्यातील मर्म मिरचीपेक्षाही त्या निकृष्ट आहारात होते : पोषण ढासळलेल्या शरीरात एखादा प्रक्षोभक पदार्थ अधिक अपाय करतो, हा धागा येथे प्रथम हाती लागला.

मुक्या जीवांवरील अशा प्रयोगांचे वर्णन अहिंसाव्रती वाचकांस खटकेल, आणि ते खटकणे योग्यच आहे. लिहिताना लेखणीही अडखळते. तरी घडलेला इतिहास वगळता येत नाही. एवढे मात्र नमूद केले पाहिजे, की या क्षेत्रातील सर्वांत भरवशाचे ज्ञान पुढे पिंजऱ्यातून आले नाही. ते घरोघर हिंडून भरलेल्या नोंदवह्यांतून आले.

त्या नोंदवह्यांची व्यवस्था १९६३ साली लागली. डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. देशातील ती पहिलीच. पुढे पुणे, तत्कालीन औरंगाबाद व नागपूर येथेही अशा नोंदण्या उभ्या राहिल्या. खेड्यांचे काय, हा प्रश्न उरला होता. तो १९८७ मध्ये बार्शीने सोडविला. नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आधारे बार्शी, परंडा व भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावांत नोंदणी सुरू झाली. जेथे रुग्ण आपणहून दवाखान्यात येत नाही, तेथे कार्यकर्ते गावोगाव जाऊन त्याला शोधू लागले. या सर्व नोंदींतून एक चित्र स्पष्ट होत गेले. ज्वारी-भाकरीवर कष्ट करणाऱ्या ग्रामीण भागात एकंदर कर्करोगाचे प्रमाण शहरांहून बरेच कमी होते, पण स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग अग्रभागी होता. मुंबई-पुण्यात गेल्या शतकाच्या अखेरीस स्तनाच्या कर्करोगाने त्यास मागे टाकले. उशिरा विवाह, कमी अपत्ये, स्तनपानाचा अल्प काळ, बैठे जीवन, वाढते वजन, अशी त्याची अनेक कारणे सांगतात. सर्व दोष जेवणावर ढकलता येत नाही.

जेवणाचा वाटा किती, हा प्रश्न जगभर गाजत होता. १९८१ साली इंग्लंडच्या डॉल व पीटो यांनी अमेरिकेतील कर्करोगाच्या मृत्यूंपैकी सुमारे ३५ टक्के आहाराशी निगडित असावेत, असा अंदाज मांडला. त्यांनी सोबतच तो आकडा १० ते ७० च्या दरम्यान कोठेही असू शकेल, अशीही पुस्ती जोडली होती. लोकांनी ३५ लक्षात ठेवला आणि पुस्ती विसरून गेले! आपल्याकडे परळच्या कर्करोग संशोधन संस्थेतील नोटाणी व जयंत यांनी १९८७ मध्ये तोंड, घसा, स्वरयंत्र व अन्ननलिका यांच्या कर्करोगाच्या रुग्णांची आहारविषयक माहिती इतरांच्या माहितीशी ताडून पाहिली. रोज भाजी न खाणाऱ्यांत धोका रोज खाणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट, असा निष्कर्ष निघाला. ताटातील रोजची भाजी ही गोष्ट किती साधी! पण कामाच्या पाळ्या, बाहेरचे खाणे आणि वडापाव यांच्या युगात पिंपरी-चिंचवडच्या किती घरांत ती दोन्ही वेळा शिजते, हे ज्याने त्याने आपल्या स्वयंपाकघरात पाहावे.

आता शाकाहाराविषयी. आपल्या व्याख्यानांतून 'शाकाहारी मनुष्यास कर्करोग होत नाही' असे विधान अनेकदा ऐकू येते. शास्त्राचे म्हणणे अधिक मोजके आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये डबाबंद, खारविलेले व प्रक्रिया केलेले मांस माणसात कर्करोग निर्माण करते असे निश्चित केले आणि तांबडे मांस 'संभाव्य' वर्गात ठेवले. हा मुख्यतः मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा विषय आहे. ब्रिटनमधील पावणेपाच लाखांच्या आसपास लोकांच्या पाहणीत, २०२२ मध्ये, शाकाहारींमध्ये एकूण कर्करोगाचे प्रमाण नेहमी मांस खाणाऱ्यांहून सुमारे १४ टक्क्यांनी कमी आढळले. तेथील शाकाहारी मनुष्य बहुधा सडपातळ असतो व धूम्रपानही कमी करतो, हे मात्र विसरता कामा नये. जन्मापासून शाकाहारी असलेल्यांचा अभ्यास करावयाचा तर भारतासारखा देश नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री भारतीय अभ्यासात स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे २,१०० स्त्रिया व तुलनेसाठी सुमारे २,२५० स्त्रिया घेतल्या होत्या. आजन्म शाकाहारी स्त्रियांस स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमी असतो, असे त्यात दिसून आले नाही. आपण शाकाहार पाळतो तो जीवदयेसाठी. त्या व्रतास वैद्यकीय प्रमाणपत्राची गरज नाही, आणि त्याच्या भरवशावर आपल्या भगिनींनी छातीतील गाठ दाखविण्यास विलंब करावा, हे तर सर्वथा अनुचित होय.

शाकाहारातही तूप-साखरेचे पर्वत असतात, हे पर्युषणाच्या पारण्यानंतरचे आठ दिवस पाहणाऱ्यास सांगावयास नको. वाढलेल्या वजनाचा तेरा प्रकारच्या कर्करोगांशी संबंध असल्याचे उपर्युक्त संस्थेने २०१६ साली मान्य केले आहे.

रात्रिभोजनाविषयी एक रोचक काम स्पेनमध्ये झाले. रात्री नऊपूर्वी जेवणाऱ्यांत, किंवा जेवण व झोप यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवणाऱ्यांत, स्तन व प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी कमी दिसले, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. चौविहाराच्या समर्थनार्थ ते हल्ली फार फिरते. एका अभ्यासावर एवढा भार टाकू नये. रात्रपाळीचे काम संभाव्य कर्करोगजनक असल्याचे २००७ साली जाहीर झाले व २०१९ च्या फेरविचारातही ते मत कायम राहिले. आपल्या औद्योगिक पट्ट्यातील कामगार-कुटुंबांनी लक्षात घ्यावयाची गोष्ट खरे तर ही आहे.

भाजी-फळांतील एखादे द्रव्य वेगळे काढून गोळीत भरले तर? हा मोह मोठमोठ्यांस पडला. गाजर-पपईतील बीटा-कॅरोटीन २९,१३३ फिनिश धूम्रपायींवरील चाचणीत देण्यात आले. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक निघाला! अमेरिकेतील तशीच चाचणी १९९६ मध्ये मुदतीपूर्वी थांबवावी लागली. केरळमध्ये तोंडातील पांढऱ्या चट्ट्यांवर 'अ' जीवनसत्त्वाचा प्रयोग झाला. त्याचा निकाल १९९७ मध्ये आला. औषध चालू असेतो निम्म्याहून अधिक जणांचे चट्टे गेले, पण औषध थांबताच बऱ्याच जणांत ते परतले.

हळदीची कथा अशीच आशा-निराशेची आहे. परळच्या संस्थेत डॉ. एस. व्ही. भिडे व सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास दाखविले, की रसायनांनी उंदरांत होणाऱ्या जठर व त्वचेच्या गाठी हळदीने कमी होतात. त्याच दशकात जखमेवरील हळदीचे अमेरिकी पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील भारतीय परिषदेने १९९७ मध्ये रद्द करवून घेतले आणि घरोघर हळदीचा अभिमान दुणावला. तथापि हळदीतील कर्क्युमिन रक्तात फारच अल्प उतरते. मिऱ्यातील पिपरीन सोबत दिल्यास ते प्रमाण कितीतरी पटींनी वाढते, असे बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखविले. तरीही माणसातील कर्करोग हळदीने टळतो, याचा पुरावा आजवर मिळालेला नाही. आमटीतील हळद आमटीतच शोभते. उपचार सोडून तिच्या कॅप्सूलवर विसंबू नये.

आपल्या बावीस अभक्ष्यांत 'चलित रस' येतो : ज्याचा रंग, गंध, स्वाद पालटला ते अन्न वर्ज्य. त्यामागे सूक्ष्म जीवांची हिंसा टाळण्याची दृष्टी आहे, आरोग्याची नव्हे. पण योगायोग पाहा. १९६० मध्ये इंग्लंडात बुरशी लागलेल्या शेंगदाणा-पेंडीने सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष उजेडात आले. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल भागांत अवकाळी पावसाने भिजलेला, बुरसटलेला मका खाऊन यकृताच्या विकाराने १०६ माणसे दगावली. आपल्यातील कित्येक घराण्यांचे मूळ राजस्थान-गुजरातेत आहे. त्यांच्या वडीलधाऱ्यांस ते दिवस आठवत असतील. हे विष दीर्घकाळ पोटात गेल्यास यकृताचा कर्करोग होतो, हे आता निर्विवाद आहे. कुजट वासाचे, सुरकुतलेले दाणे निवडून टाकणाऱ्या आपल्या आजी-पणजींचे हात याबाबतीत प्रयोगशाळेपेक्षा मागे नव्हते.

मिरचीचा खटला अर्धवट राहिला होता. तिच्यावरील आरोप पुढील प्रयोगांत व पाहण्यांत टिकला नाही. मग आखडणाऱ्या तोंडाचा खरा कर्ता कोण? येथे आपल्याच जिल्ह्याचे नाव येते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधक डॉ. फली मेहता यांच्या पथकाने पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली; तो अहवाल १९७२ साली प्रसिद्ध झाला. ताथवडे, वाकड, पुनावळे ही त्या वेळी शेतीची गावे होती. पुणे जिल्ह्याच्या त्या पाहणीत हा आखडण्याचा विकार दहा हजारांत जेमतेम तिघांस आढळला. तिखट तर सारेच खात होते!

पुण्यात जन्मलेल्या, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या व खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली डॉक्टरेट मिळविलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी तोवर परळला देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली होती. १९७६ व १९७९ मध्ये त्यांच्या चमूने सुपारी, विडा व तंबाखू यांच्या अर्कांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. सुपारीच्या नुसत्या अर्कानेही उंदरांत गाठी उद्भवत होत्या. तंबाखूची सोबत लागतच होती असे नाही. १९८० नंतर सुपारी लहान-लहान पुड्यांत आली. ती स्वस्त झाली, शाळकरी मुलांच्या खिशात गेली. १९९८ मध्ये गुजरातेतील भावनगर जिल्ह्याच्या पाहणीनंतर संशोधकांनी या विकाराची नवी साथ तरुणांत आली आहे काय, असा प्रश्न उपस्थित केला. २००४ साली आंतरराष्ट्रीय संस्थेचा निर्णय आला : तंबाखूविरहित विडा आणि सुपारी ही दोन्ही माणसात कर्करोग निर्माण करतात. महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटखा व पानमसाल्यावर बंदी लागू झाली.

आपल्या समाजात तंबाखूस तुच्छ लेखतात; सुपारीस कोणी व्यसन म्हणत नाही. ती पूजेत आहे, लग्नाच्या बोलणीत आहे, साधर्मिक वात्सल्याच्या पंगतीनंतर फिरणाऱ्या मुखवासाच्या तबकात आहे. किराण्याच्या आपल्या अनेक दुकानांत तिचे पोते दाराशीच उभे असते. ती शाकाहारी आहे, दिवसा खातात, कंदमूळही नाही. त्यामुळे आचाराच्या कोणत्याही चाळणीत ती अडकत नाही.

हा विकार ओळखण्याची साधी रीत दंतवैद्य सांगतात. आपलीच तीन बोटे उभी करून दातांमध्ये घालावीत. ती सहज जात नसतील तर तोंड दाखवून घ्यावे. पण त्याही आधीची खूण तीच, जिच्यामुळे सत्तर वर्षांपूर्वी मिरचीवर आळ आला होता : नेहमीची आमटी झोंबू लागते. रुग्ण अजूनही तिखट सोडतो, दही-भातावर येतो, आणि जेवण झाल्यावर तोंड शांत करण्यासाठी सुपारीचे खांड गालात धरतो.